राख सुटते ती किलोव्होल्ट पडल्यावर

कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमणीतून किती राख बाहेर पडलेली चालेल, हे केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ठरवून दिले आहे. २००३ अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या संचांना दर घनमीटर वायूमागे १०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्या संचांना ५० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या संचांना ३० मिलिग्रॅम. या आकड्यांवर सभा होतात, निवेदने दिली जातात, खटलेही चालतात. पण ही मर्यादा पाळली जाणार की मोडली जाणार, हे तासातासाला ज्या गोष्टीवर ठरते तिची चर्चा वीज केंद्राच्या कुंपणाबाहेर कधी होत नाही. बॉयलर आणि चिमणी यांच्यामध्ये राख पकडणारे ईएसपी नावाचे अवाढव्य यंत्र असते आणि त्याला हजारो व्होल्टचा पुरवठा करणारे संच त्याच्या छतावर बसवलेले असतात. त्या पुरवठ्याचे व्होल्टेज किती आहे, ते कधी पडले, का पडले आणि बिघाड शोधून काढला की नुसता गप्प केला, हा प्रश्न आजवर फक्त विद्युत विभागाच्या लॉगबुकात राहिला आहे. तो तिथून बाहेर यायला हवा. चिमणीच्या धुराइतकेच त्या पुरवठ्याचे किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअरही लोकांसमोर असले पाहिजेत, असे माझे मत आहे आणि त्यामागची कारणे पूर्णपणे तांत्रिक आहेत.

यंत्राची कल्पना सोपी आहे. पोलादी खोल्यांमध्ये दहा-पंधरा मीटर उंचीचे पत्रे रांगेने टांगलेले असतात आणि ते जमिनीशी जोडलेले, म्हणजे अर्थ केलेले असतात. दोन पत्र्यांच्या मधोमध तारा किंवा काटेरी पट्ट्या असतात आणि त्यांना उणे बाजूचे उच्च व्होल्टेज दिलेले असते. ४१५ व्होल्टचा साधा कारखानी पुरवठा थायरिस्टरमधून नियंत्रित होऊन ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरमध्ये, म्हणजे कामगारांच्या भाषेत टीआर सेटमध्ये जातो आणि तिथून ७० ते ९५ किलोव्होल्टपर्यंतच्या शिखरमूल्याने बाहेर येतो. तारेभोवतीची हवा विद्युतभारित होते, राखेचा कण तो भार घेतो आणि पत्र्याकडे ओढला जातो. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटतात, राख खालच्या हॉपरमध्ये पडते आणि हवेच्या दाबाने पाइपातून बाहेर नेली जाते. धुराच्या वाटेवर पत्रे आणि तारांचे असे अनेक गट, म्हणजे फील्ड, एकामागे एक असतात, प्रत्येकाचा टीआर सेट स्वतंत्र, आणि मोठ्या संचाला अशा तीन-चार वाटा समांतर असतात.

आता व्होल्टेजचे महत्त्व किती, ते हिशेबानेच पाहावे. डॉइच यांनी १९२२ मध्ये मांडलेले सूत्र आजही या यंत्राच्या आखणीचा पाया आहे. कण पत्र्याकडे ज्या वेगाने सरकतो तो वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि निसटणाऱ्या राखेचे प्रमाण त्या वेगावर घातांकाने अवलंबून असते. ५०० मेगावॉटचा संच भारतीय कोळशावर पूर्ण भाराने चालला, तर तासाला साधारण शंभर टन उडणारी राख ईएसपीकडे येते. यंत्र ९९.९ टक्के कार्यक्षम असेल तर त्यातली शंभर किलो चिमणीतून जाते. सगळीकडचे व्होल्टेज १० टक्क्यांनी पडले तर निसटणारी राख या सूत्राप्रमाणे पावणेचारपटीच्या जवळ जाते. २० टक्क्यांनी पडले तर ती बारापट होते, म्हणजे तासाला बाराशे किलो. प्रत्यक्षात कणांचे आकार वेगवेगळे असल्याने आकडा काहीसा बदलतो, पण दिशा आणि तीव्रता हीच राहते. नियंत्रण कक्षातल्या मीटरवर २० टक्क्यांची घट फार मोठी दिसत नाही. संच चालू असतो, वीज तयार होत असते, कुठलाही भोंगा वाजत नाही. शिवाय एका मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना भार देणे या यंत्राला मुळातच अवघड जाते आणि माणसाच्या फुप्फुसात खोलवर जाणारे कण नेमके तेच आहेत. व्होल्टेज पडले की आधीच दुबळी असलेली ती बाजू आणखी दुबळी होते.

व्होल्टेजचा पुरवठा हाच या तंत्राचा कणा आहे, हे त्याच्या जन्मापासून स्पष्ट आहे. १८८० च्या दशकात ऑलिव्हर लॉज यांनी वेल्समधल्या शिसे वितळवण्याच्या कारखान्यात विजेने धूर धरण्याचा प्रयत्न केला. तत्त्व बरोबर होते, पण हाताशी असलेली विद्युत यंत्रे स्थिर उच्च व्होल्टेज देऊ शकली नाहीत आणि शिशाचा धूर विजेला फार अडवणारा होता, म्हणून प्रयोग फसला. फ्रेडरिक कॉट्रेल यांना कॅलिफोर्नियात १९०८ च्या सुमारास यश आले, ते त्यांनी ट्रान्सफॉर्मरला यांत्रिक रेक्टिफायर जोडून भरवशाचा पुरवठा मिळवला म्हणून.

लॉज यांना नडलेली दुसरी अडचण, म्हणजे विजेला अडवणारी धूळ, आपल्याकडे कायमची वस्तीला आहे. भारतीय कोळशात राख ३५-४० टक्के आणि गंधक अगदी कमी. गंधकाच्या ज्वलनातून तयार होणारा थोडासा सल्फर ट्रायऑक्साइड राखेच्या कणांवर बसून तिला काहीसे वाहक बनवतो. आपल्या राखेला ते पुरेसे मिळत नाही. मग पत्र्यावर बसलेला राखेचा थर विजेला इतका अडवतो की थराच्या आतच व्होल्टेज साचते, थर ठिकठिकाणी फुटतो आणि तिथून उलट्या भाराचे आयन बाहेर पडून येणाऱ्या कणांचा भार मारून टाकतात. याला बॅक कोरोना म्हणतात. इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने बहुसंख्य वीज केंद्रांना गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यातून मोकळीक दिली आणि त्या निर्णयाच्या बाजूने आपला कोळसा कमी गंधकाचा आहे, हे कारण मांडले गेले. त्या निर्णयाचा वाद इथे नको. पण कमी गंधकाचा लाभ ज्यांनी घेतला, त्यांनी त्याच कमी गंधकामुळे राख पकडणे अवघड होते हेही मान्य करून ईएसपीकडे दुप्पट लक्ष दिले पाहिजे. राखेच्या मर्यादेतून कुणालाही मोकळीक मिळालेली नाही.

ईएसपीच्या बिघाडाचे निदान एका आकड्यावर करता येत नाही, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. व्होल्टेज आणि करंट जोडीने वाचावे लागतात आणि तेही ते फील्ड कितवे आहे हे लक्षात ठेवून. व्होल्टेज जवळजवळ शून्य आणि करंट मर्यादेला टेकलेला, तर शॉर्ट आहे. तार तुटून पत्र्याला चिकटली असेल, हॉपरमधली राख वर चढून तारांपर्यंत आली असेल, इन्सुलेटर फुटला असेल किंवा दुरुस्तीनंतर अर्थिंगचा स्विच तसाच राहिला असेल. व्होल्टेज भरपूर आणि करंट काहीच नाही, तर जोडणी कुठेतरी सुटली आहे. पण पहिल्याच फील्डमध्ये व्होल्टेज चांगले आणि करंट कमी असेल, तर तो दोष असेलच असे नाही, कारण तिथे धुळीचे प्रमाण इतके असते की भारित कणांची गर्दीच करंटला दाबून ठेवते. तीच आकड्यांची जोडी शेवटच्या फील्डमध्ये दिसली तर तारांवर राख साचल्याचा संशय घ्यावा. मीटरचा काटा सतत हेलकावत असेल आणि कमी व्होल्टेजलाच ठिणग्या पडत असतील, तर तुटलेली तार धुराच्या झोताबरोबर झुलत असते किंवा पत्रा वाकून मधले अंतर कमी झालेले असते. बॅक कोरोना सगळ्यांत फसवा आहे, कारण त्यात व्होल्टेज उतरते आणि करंट वाढतो. नुसता करंट पाहणाऱ्याला हे फील्ड सर्वांत तंदुरुस्त वाटते. तो करंट आणखी वाढवतो आणि राख आणखी सुटते. इथला उपाय उलटा आहे. करंट कमी करायचा, काही अर्धलहरी वगळून थांबून-थांबून पुरवठा द्यायचा, हातोड्यांची वेळ तपासायची.

त्याहून मोठी अडचण अशी की मीटरवर दिसणारा विजेचा बिघाड पुष्कळदा विजेचा नसतोच. हॉपर भरून शॉर्ट झाला तर कारण राख वाहून नेणाऱ्या पाइपात असते. पाइप तुंबला, हवेचा दाब कमी पडला, हॉपरचा हीटर बंद पडून राख ओलसर झाली आणि अडकली. इन्सुलेटरवरून वीज पाझरत असेल तर कारण त्याच्या हीटरमध्ये असते. थंड संच तेलावर पेटवताना काजळी आणि दमटपणा चिनीमातीवर बसतो आणि त्या पापुद्र्यातून वीज वाट काढते. अशा इन्सुलेटरला संच बंद असताना मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर, लावला तर तो ठणठणीत असल्याचे दिसू शकते, कारण मेगरचे हजार-अडीच हजार व्होल्ट आणि चालू स्थितीतले पन्नास हजार व्होल्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून शिस्तीने जाणारा तंत्रज्ञ आधी दोष विभागतो. टीआर सेट फील्डपासून सोडवून तो एकटा व्होल्टेज उभे करतो का ते पाहतो. केले तर शोध फील्डकडे वळतो, नाही केले तर थायरिस्टर, डायोडची साखळी, ट्रान्सफॉर्मरचे तेल यांच्याकडे. मीटरवरही तो आंधळा विश्वास ठेवत नाही. किलोव्होल्ट मोजणारी रेझिस्टरची साखळी जुनी झाली की आकडा खोटा येतो, म्हणून प्राथमिक बाजूचे व्होल्ट-अँपिअर आणि उच्चदाब बाजूचे आकडे यांचा मेळ बसतो का, हे तो ताडून पाहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, यंत्र नवे असताना किंवा साफसफाईनंतर, आत धूर नसताना नुसत्या हवेवर घेतलेला व्होल्टेज-करंटचा आलेख त्याच्यापाशी असतो. डॉक्टरला रोग्याचा जुना केसपेपर लागतो, तसा हा आलेख लागतो. तो नसेल तर आजचे ४२ किलोव्होल्ट चांगले की वाईट, हे कुणीही सांगू शकत नाही.

या शिस्तीला वेळ लागतो आणि सोपा मार्ग बटणाच्या अंतरावर असतो. फील्ड ट्रिप झाले, म्हणजे त्याचा पुरवठा आपोआप बंद पडला, की रीसेट करायचे. पुन्हा झाले तर करंटची मर्यादा थोडी खाली आणायची, म्हणजे ठिणग्या थांबतात आणि ट्रिपही थांबते. पटलावर ते फील्ड ‘चालू’ दिसते. मात्र ते आता जेमतेम अर्ध्या ताकदीने काम करत असते आणि मूळ कारण, मग ती झुलणारी तार असो वा ओला इन्सुलेटर, जागच्या जागी राहते. प्रत्येक केंद्रात हेच घडते असा आरोप मी करत नाही. चोख काम करणारे अभियंते आणि कामगार आहेत आणि उन्हाळ्यात त्या तापलेल्या, राखेने भरलेल्या खोल्यांत उतरून तारा बदलणाऱ्यांचे कष्ट सोपे नाहीत. पण हिशेब द्यायची पद्धत अशी आहे की कारण शोधणाऱ्याला श्रेय मिळत नाही आणि बिघाड गप्प करणाऱ्याला कुणी विचारत नाही. पद्धत बदलली की वागणे बदलेल.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे आहेत, मग आतले आकडे कशाला? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी सतरा प्रकारच्या उद्योगांना अशी यंत्रे बसवायला सांगितली, हे चांगलेच झाले. पण चिमणीवरचे यंत्र राख सुटल्यानंतर बोलते आणि कारण सांगत नाही. शिवाय त्याचे स्वतःचे अंशांकन बिघडू शकते. आतले किलोव्होल्ट त्याची स्वतंत्र साक्ष असतात. एका वाटेची तीन फील्ड मेलेली आहेत आणि चिमणीचा आकडा तसूभरही हललेला नाही, असे दिसले तर आधी चिमणीवरच्या यंत्राची तपासणी करावी लागेल. आज ही पडताळणी बाहेरच्या कुणालाही करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ईएसपीची आखणीच अशी असते की एखादे फील्ड बंद असले तरी मर्यादा पाळली जावी. मग ३२ पैकी २८ फील्ड चालू असतील तर ओरड कशासाठी? याचे उत्तर पुन्हा हिशेबात आहे. चार वाटा, प्रत्येकीत आठ फील्ड, एकूण कार्यक्षमता ९९.९ टक्के, असे यंत्र धरू. प्रत्येक वाटेतले एक याप्रमाणे चार फील्ड बंद पडली तर निसटणारी राख सुमारे २.४ पट होते. तीच चार फील्ड एकाच वाटेत बंद पडली तर ती जवळजवळ नऊपट होते, कारण त्या एका वाटेने राख मोकळी धावते आणि बाकीच्या तीन वाटा कितीही चोख असल्या तरी ते भरून काढू शकत नाहीत. दोन्ही वेळा अहवालात ‘३२ पैकी २८ चालू’ एवढेच लिहिले जाते. म्हणून एकूण संख्या पुरेशी नाही, फील्डनिहाय आकडे हवेत. राखीव फील्डची सोय दुरुस्ती होईपर्यंतचा काळ निभावून नेण्यासाठी असते. ती वर्षभर खर्च करून टाकली की पुढचा बिघाड थेट गावाच्या छपरांवर उतरतो.

नवे मायक्रोप्रोसेसर नियंत्रक सगळे आपोआप सांभाळतात, असेही सांगितले जाते. ते ठिणगी ओळखतात, व्होल्टेज क्षणात खाली आणून पुन्हा चढवतात, बॅक कोरोनाची चाहूल घेतात. जास्त वारंवारतेचे नवे टीआर सेट तर व्होल्टेजमधले चढउतार पुष्कळ कमी करून सरासरी शिखरमूल्याच्या जवळ ठेवतात. हे सगळे घ्यावेच. पण नियंत्रक तुटलेली तार कापू शकत नाही की तुंबलेला पाइप मोकळा करू शकत नाही. उलट तो जितका हुशार, तितका बिघाडाशी जुळवून घेऊन यंत्र चालू ठेवतो आणि मुळातला दोष नजरेआड राहतो. त्याने किती तडजोड केली याची नोंद त्याच्या स्मृतीत असते. ती वाचायची आणि जपायची सक्ती नाही, प्रश्न एवढाच आहे.

ट्रिप टाळणे हेच ध्येय ठेवा, असे मी म्हणत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. कधी कधी पुरवठा बंद होणे हेच संरक्षण असते. १८ फेब्रुवारी २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात ज्वलनशील वाफा उलट्या वाटेने ईएसपीत शिरल्या आणि आतल्या ठिणग्यांनी त्याचा स्फोट झाला. सिमेंटच्या भट्टीत कार्बन मोनॉक्साइड वाढला की ईएसपी बंद करतात ते याच भीतीने. म्हणजे ट्रिप ही सूचना आहे आणि तिच्यामागचे कारण कळल्याशिवाय पुन्हा चालू करणे हे राखेइतकेच जिवाच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

राहिला विजेच्या मागणीचा मुद्दा. उन्हाळ्यात संच थांबवून तारा बदलायला कोण परवानगी देणार? अडचण खरी आहे. एका वाटेचे गेट लावून आत जाण्याची सोय कागदावर असली तरी गेट गळतात आणि माणसाच्या सुरक्षेशी तडजोड करता येत नाही. किल्ल्यांचे इंटरलॉक, अर्थिंग, थंड होण्याचा वेळ यांतले काहीही वगळून चालणार नाही. पण वीज कमी भाराने निर्माण करता येते. भार उतरवला की धुराचा वेग उतरतो आणि उरलेली फील्ड जास्त राख पकडतात. किती फील्ड बंद असताना किती भार चालवायचा, याचा तक्ता आधीच ठरवून ठेवला तर रात्रपाळीच्या अभियंत्याला एकट्याने ओझे वाहावे लागणार नाही. आणि वार्षिक शटडाऊनमध्ये ईएसपीला उरलेसुरले दिवस न देता ठरलेले दिवस द्यावेत. नाहीतर तुटलेल्या तारा पुढच्या वर्षावर ढकलल्या जातात.

फील्डचे आकडे लोकांसमोर ठेवण्याचा हा प्रयोग महाराष्ट्रात कुठे करावा, हे उघड आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचे, त्याच जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने, आणि २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने केलेल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या मोजणीत देशात चौथा क्रमांक या शहराचा होता. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये चिमणीतल्या धूलिकणांवरून उद्योगांना तारे देण्याची पद्धत सुरू केली आणि माहिती लोकांसमोर ठेवण्याचे धाडस दाखवले. त्याच मंडळाने आता वीज केंद्रांच्या संमतीपत्रात तीन अटी घालाव्यात. प्रत्येक फील्डचे किलोव्होल्ट, मिलिअँपिअर आणि ठिणग्यांचा दर दर तासाला संकेतस्थळावर यावा. प्रत्येक शटडाऊननंतर हवेवरचा व्होल्टेज-करंट आलेख घेऊन मंडळाकडे जमा व्हावा. आणि चोवीस तासांहून अधिक बंद राहिलेल्या वा मर्यादा खाली आणलेल्या प्रत्येक फील्डचे कारण लेखी नोंदले जावे. सामान्य माणसाला हे आकडे कळणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की चंद्रपूर, नागपूर, नाशिक, भुसावळ इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये ते वाचणारे शेकडो शिक्षक आणि विद्यार्थी आहेत, निवृत्त वीज कर्मचारी आहेत. हे आकडे नियंत्रकात आधीच तयार होतात, नवे मोजमाप उभारावे लागत नाही.

कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, दीपनगर, एकलहरे या गावांतल्या नागरिकांना माझी विनंती आहे. पुढच्या जनसुनावणीत चिमणीच्या मिलिग्रॅमबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: आज कोणत्या वाटेतली कोणती फील्ड बंद आहेत, किती किलोव्होल्टवर चालू आहेत, आणि बंद असलेल्यांचा दोष शोधून झाला आहे का? उत्तर लेखी मागा.